घरच्या जुन्या कॅसेटमधून नवी ध्वनिरचना कशी करावी: काप, जोड आणि नोंद

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील आमच्या घरी एक कॅसेट आहे. 1987 साली घरातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, काकांनी ती टेपरेकॉर्डरवर भरली. साठ मिनिटांच्या त्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला आत्या धवला, म्हणजे आमच्याकडचे लग्नातले पारंपरिक गाणे, गाते आहे, मागून बायका तिची ओळ उचलून धरत आहेत आणि दोन कडव्यांच्या मधोमध लोकलचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो, कारण कोळीवाडा आणि रेल्वेचे रूळ यांच्यात अंतर असे फारसे नाहीच. या कॅसेटमधून मी तीन मिनिटांची एक नवी रचना केली. ती करताना जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी कॅसेट कपाटात पडून आहे आणि तिचे काहीतरी करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

आपल्याकडे ‘रीमिक्स’ म्हटले की जुन्या चित्रपटगीताखाली ठोका घालून केलेले गाणे एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आधीच अस्तित्वात असलेल्या आवाजातून, चित्रातून किंवा मजकुरातून काही भाग उचलून त्याची नवी जुळणी करणे, इतका या शब्दाचा व्याप मोठा आहे. ही जुळणी करण्याची साधने गेल्या पाऊणशे वर्षांत ध्वनिमुद्रण केंद्रातून घरात आणि घरातून खिशातल्या फोनमध्ये आली. कापणे आणि जोडणे आता कोणालाही जमते. जमत नाही ते एकच: काय कुठून घेतले, याची नोंद ठेवणे. म्हणून मी पहिली पायरी तीच सांगतो.

आधी नोंदवही

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका गणेशोत्सवातील छायाचित्र प्रदर्शनासाठी मी सात मिनिटांची ध्वनिफीत तयार केली होती. तिच्यात लाटांचा आवाज होता, आरतीचा होता आणि सुरुवातीला दोन मिनिटे सनई होती. प्रदर्शन संपल्यावर एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या कार्यक्रमासाठी ती फीत मागितली आणि सनई कोणाची आहे, असे सहज विचारले. मला ते सांगता आले नाही. ती कोणत्या कॅसेटवरून घेतली होती की कोणी फोनवर पाठवली होती, हेही आठवेना. ज्या वादकाच्या फुंकेवर माझी सुरुवात उभी होती त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, याची मला फार खंत वाटली. फीत मी दिली नाही आणि पुढे तो भाग काढूनच टाकला.

तेव्हापासून मी कामाला हात घालण्यापूर्वी एक साधी दोनशे पानी वही उघडतो. तिच्यात प्रत्येक आवाजासाठी एक ओळ असते: अनुक्रमांक, कशाचा आवाज, कोणाचा आवाज, कोणी व केव्हा मुद्रित केला, मूळ फितीतील कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत घेतला, हक्क कोणाचे, परवानगी कोणाकडून व कोणत्या तारखेला मिळाली. संगणकावर तक्ता केला तरी चालेल. मात्र ओळ लिहिल्याशिवाय आवाज जुळणीत घ्यायचा नाही, हा नियम कठोरपणे पाळावा. ‘नंतर लिहू’ म्हटलेली ओळ कधीच लिहिली जात नाही.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके पाहा. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्या जोडीला ‘चाल’ असे लिहून, ते पद कोणत्या आधीच्या गाण्याच्या चालीवर बांधले आहे त्याचे पहिले शब्द दिलेले असतात. त्या काळच्या नाटककारांनी आणि संगीतकारांनी ठुमरी, कजरी, लावणी, कीर्तनातली पदे अशा कितीतरी ठिकाणांहून चाली घेतल्या, पण उगम लपवला नाही. तो पदाच्या डोक्यावर छापला. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या, 1893 साली स्थापन झालेल्या ग्रंथालयात अशी पुस्तके चाळण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. त्या एका छोट्या ओळीत संपूर्ण नोंदवहीचे तत्त्व आहे.

त्याहूनही मागे जायचे तर शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या हातनकलांमध्ये पाठभेद आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. त्या दूर करून त्यांनी शेवटी बजावले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. हेच नाथ दुसरीकडे लोकांच्या बोलीतले, सोंगांचे, वासुदेव-जोश्यांचे ढंग घेऊन भारुडे रचत होते. मला यात विरोध दिसत नाही. मूळ आहे तिथे मूळ जसेच्या तसे ठेवावे आणि आपले जे करायचे ते वेगळ्या नावाने, वेगळ्या पानावर करावे, असा त्याचा अर्थ मी घेतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ धारिकेला (फाइलला) कधीही हात लावायचा नाही. तिची प्रत करायची आणि कात्री प्रतीवर चालवायची.

कॅसेट उतरवून घेणे

या पायरीवर घाई केली तर पुढे कितीही कौशल्य लावले तरी उपयोग होत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या दमट हवेत कॅसेटचा पहिला शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहावे. कडेवर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशी कॅसेट जाणकाराकडे द्यावी. फीत स्वच्छ दिसत असेल तर पेन्सिल चाकात घालून सैल झालेली गुंडाळी आवळून घ्यावी. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या खिट्या असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले गेले तरी आत्याच्या आवाजावर काहीही भरले जाणार नाही. फितीला लागून आत एक स्पंजाचा किंवा लोकरीचा तुकडा असतो, तो गळून पडलेला असेल तर आवाज दबका आणि थरथरता येतो. दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटमधला तुकडा तिथे बसवता येतो.

यानंतर यंत्राची स्वच्छता. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसावे, तपकिरी डाग येणे बंद होईपर्यंत पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे न्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. यंत्राच्या ‘लाइन आउट’मधून संगणकाला जोडणारी साधी ध्वनिपेटी (ऑडिओ इंटरफेस) वापरावी. यंत्रापुढे फोन धरून मुद्रण करू नये, कारण मग खोलीतला पंखाही त्या लग्नात सामील होतो.

हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळत नसला तर ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटतो. गाणे चालू ठेवून तो स्क्रू अगदी केसभर फिरवावा आणि शब्द उजळतील तिथे थांबावे. आत्याच्या तोंडचे शब्द या एका स्क्रूमुळे मला पहिल्यांदा नीट कळले. इतकी वर्षे मी तिचा एक शब्द चुकीचा ऐकत आलो होतो.

मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह स्वरूपात करावे. दोन वाहिन्यांचे असे मुद्रण मिनिटाला सुमारे 17 मेगाबाइट जागा घेते, म्हणजे साठ मिनिटांची संपूर्ण कॅसेट साधारण एक गिगाबाइटमध्ये मावते. मुद्रणाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या, म्हणजे मुद्रणाच्या कमाल पातळीच्या, सहा डेसिबल खाली राहील. यासाठी 2000 साली आलेली ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी आहे, मी अजूनही तीच वापरतो.

वेग बरोबर आहे का, हे तपासण्याचा एक मार्ग मला फार आवडतो. काकांचा टेपरेकॉर्डर घरच्या विजेवर चालत होता आणि विजेची बारीक गुणगुण त्याच्यासोबत फितीवर उतरली होती. आपली वीज 50 हर्ट्झची. शांत भाग निवडून त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे याचा आलेख, पाहिला तर ही गुणगुण टोकासारखी उठून दिसते. माझ्याकडे ते टोक 51.5 च्या आसपास होते, म्हणजे माझे यंत्र फीत सुमारे तीन टक्के अधिक वेगाने पळवत होते. तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. आत्याचा आवाज मला इतकी वर्षे थोडा पोरसवदा का वाटे, त्याचे कारण तेव्हा कळले. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. कॅसेट थांबवल्यावरही गुणगुण राहिली तर ती आताच्या यंत्राची आहे, फितीवरची नव्हे. आणि त्या काळी विजेची वारंवारता बरीच वरखाली होत असे, त्यामुळे हा पुरावा ढोबळच मानावा. शेवटचा निर्णय आत्याचे गाणे समोर बसून ऐकलेल्या माणसाकडून घ्यावा. मी माझ्या आईला तीन वेगांचे तुकडे ऐकवले आणि तिने निवडलेला वेग वहीत लिहिला.

आधीच्यांनी काय केले, त्यातून काय घ्यावे

रीमिक्सचा इतिहास वाचताना मला वर्षांपेक्षा युक्त्या अधिक उपयोगी पडल्या. प्रत्येक पिढीने एखादी युक्ती मागे ठेवली आहे आणि आज फोनमधल्या बटणांमागे त्याच युक्त्या आहेत.

पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफेर यांनी 1948 मध्ये बातिन्योल स्थानकावर जाऊन आगगाडीच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि केवळ त्या आवाजांची एक रचना केली. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नभोवाणीवरून प्रसारित झाली. त्या वेळी त्यांच्या हातात फीत नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवर त्यांनी स्वतःच्याच शेपटीला मिळणारी बंद खाच कापली, त्यामुळे तोच तुकडा पुन:पुन्हा फिरत राही. आज आपण ज्याला ‘लूप’ म्हणतो ते हेच. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटर धावून जिथे थांबली त्या ठाण्यात राहणाऱ्या माणसाला, या नव्या कलेची पहिली सामग्री आगगाडी होती, हे वाचून विशेष आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. फितीवरच्या भोंग्याकडे मी तोवर बिघाड म्हणून पाहत होतो आणि तो काढून टाकण्याच्या खटपटीत होतो. शेफेर यांच्याविषयी वाचल्यावर भोंगा राहिला, आणि रचनेचा कणा झाला.

दुसरी युक्ती जमैकाची. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचे, गायकाचा आवाज काढलेले रूप देण्याची प्रथा पडली. किंग्स्टनमध्ये विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या किंग टबी यांनी पुढे तेच गाणे ध्वनिमिश्रणाच्या फळीवर (मिक्सरवर) पुन्हा उघडले. ते आवाज मधूनच बंद करत, एखाद्या शब्दाला लांबवर प्रतिध्वनी देत आणि मग केवळ ढोल उरवत. त्यांच्याकडून शिकण्यासारखे हे की, नवे काही न घालता, नुसते काढून घेऊनही रचना होते. नवशिक्याचा हात नेहमी भर घालण्याकडे वळतो. पहिला मसुदा झाल्यावर एकेक थर बंद करून ऐकावे आणि ज्याची उणीव भासत नाही तो काढून टाकावा.

तिसरी युक्ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्क यांनी आपल्या बहिणीने ठरवलेल्या समारंभात तबकड्या वाजवल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला नुसत्या तालाचा छोटा तुकडा सर्वांत अधिक आवडतो हे त्यांनी हेरले होते. त्यांची प्रसिद्ध झालेली पद्धत अशी की, एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तो सुरू करायचा आणि तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा तुकडा असा हवा तितका लांबतो. आपल्याकडे हळदीत बेंजो वाजवणारा ऐन रंगात आलेला तुकडा नाचणाऱ्यांकडे पाहून पुन:पुन्हा वाजवतो, त्यामागची नजर हीच आहे. कुठला तुकडा लांबवायचा हे ऐकणाऱ्यांच्या अंगाकडे पाहून ठरवावे.

साधनांचा प्रवासही वेगाने झाला. 1963 साली फिलिप्सने आणलेल्या कॅसेटमुळे मुद्रण सामान्य माणसाच्या हाती आले. आपल्या शहरांत गाण्यांची यादी दिली की कोरी कॅसेट ‘भरून देणारी’ दुकाने निघाली. कोणत्या गाण्यानंतर कोणते, हे ग्राहक स्वतः ठरवू लागला, ही निवडही एक प्रकारची रचनाच होती. चित्रांच्या बाजूला 1975 मध्ये अमेरिकेत कँडी फाँग यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेच्या स्लाइड गाण्याच्या तालावर दाखवल्या. चाहत्यांनी केलेल्या चित्रफितींची परंपरा तिथपासून मोजतात. 1988 मध्ये आलेल्या अकाई एमपीसी 60 या यंत्रावर सोळा गाद्या (पॅड) होत्या आणि प्रत्येक गादीवर एक आवाज ठेवून तो बोटांनी वाजवता येई. मग संगणक आला, 2005 मध्ये यूट्यूब आले आणि प्रेक्षक व निर्माता यांच्यातली भिंत बरीच खाली आली. 2020 च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले. आता दुसऱ्याचा आवाज उचलण्यासाठी एक बटण दाबले की पुरे.

या बटणाविषयी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ते बटण मूळ आवाजाशी दुवा आपोआप जोडते, त्यामुळे श्रेय दिले गेले असे आपल्याला वाटते. परंतु तिथे नाव येते ते आवाज पहिल्यांदा चढवणाऱ्याचे. गाणारी धवलारीण कोण होती, ढोलकी कोणाची होती, हे त्या दुव्यात नसते. नाट्यपदाच्या माथ्यावरची ‘चाल’ ही ओळ जे काम करत होती ते काम हे बटण करत नाही, म्हणून ते आपल्याला हाताने करावे लागते.

परवानगी

भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, तर कवी व संगीतकार यांचा हक्क सर्वसाधारणपणे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. एखादी तबकडी साठ वर्षांहून जुनी झाली म्हणून तिच्यावरच्या गाण्याचे शब्द आणि चाल मोकळी झाली असे होत नाही. उलट राम गणेश गडकरी 1919 साली गेले, त्यांच्या कविता व नाटके कधीच मोकळी झाली आहेत. तलावपाळीवरच्या गडकरी रंगायतनासमोर उभे राहून त्यांची कविता स्वतःच्या आवाजात मुद्रित केली आणि तिची हवी तशी जुळणी केली, तर कोणाचीही परवानगी लागत नाही. ज्यांच्याकडे घरची कॅसेट नाही त्यांनी याच मार्गाने सुरुवात करावी, असे मी सुचवीन.

‘सात सेकंदांपर्यंत चालते’ किंवा ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. असा कोणताही सेकंदांचा नियम कायद्यात नाही. खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा काही कारणांसाठी उचित वापराची मुभा आहे आणि ती कारणावर ठरते, घड्याळावर ठरत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कलम 31 क प्रमाणे जुन्या गाण्याचे नवे मुद्रण वैधानिक परवान्यावर करता येते. त्यासाठी मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात आणि मानधन आगाऊ भरावे लागते. मात्र मूळ मुद्रणातला तुकडा उचलण्याची किंवा शब्द-चाल आपल्या मर्जीने बदलण्याची मुभा त्यात नाही. म्हणजे रीमिक्ससाठी हा दरवाजा नाही.

लोकगीताबाबत वेगळे भान हवे. धवल्याचे शब्द परंपरेचे असले तरी ते गाणाऱ्या बाईला कलावंत म्हणून हक्क आहे, आणि तो गायनाच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. या हिशेबाने 1987 च्या त्या रात्रीचा हक्क मी 2037 च्या अखेरपर्यंत धरतो. आत्या आज नाही. मी तिच्या मुलींना रचनेचा मसुदा ऐकवला, कोणत्या ओळी घेतल्या ते सांगितले आणि दोघींची लेखी संमती घेतली. काकांनी मुद्रण केले म्हणून त्यांचीही घेतली. घरच्या घरात कागद कशाला, असे मलाही आधी वाटले होते, पण त्या कागदाच्या निमित्ताने त्या दोघींतल्या मोठ्या बहिणीने मला एक ओळ वगळायला सांगितली, कारण तिच्यात नवऱ्या मुलीच्या सासरच्या एका माणसाची थट्टा होती आणि ती हळदीच्या मांडवापुरतीच होती. ती ओळ मी काढली.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बेंजो पथक एक चित्रपटगीत वाजवते आहे. वादन घरच्या लग्नातले असले तरी चाल दुसऱ्याची आहे, म्हणून वहीत त्या बारा मिनिटांपुढे लाल शाईने ‘घ्यायचे नाही’ असे लिहिले. वरातीत वाजवायला कायद्याने सूट आहे. ते मुद्रण कापून जगभर प्रसिद्ध करायला ती सूट पुरत नाही. यूट्यूबने 2007 पासून आणलेल्या कंटेंट आयडीसारख्या व्यवस्था आवाजाचा ठसा काढून तो साठवलेल्या ठशांशी ताडून पाहतात, त्यामुळे पाठीमागे मंद वाजणारे गाणेही ओळखले जाऊ शकते. हे टाळण्यासाठी वेग बदलण्याच्या क्लृप्त्या सुचवल्या जातात. मी त्या करत नाही आणि कोणाला सांगतही नाही.

2019 नंतर स्प्लीटरसारख्या साधनांमुळे मिसळलेल्या मुद्रणातून गायकाचा आवाज वेगळा काढणे सोपे झाले आहे. आत्याचा आवाज बायकांच्या कोरसपासून वेगळा करून पाहण्याचा मोह मलाही झाला आणि करूनही पाहिले. तिचा आवाज एकटा निघाला खरा, पण कडेने चिरफाळलेला आणि मांडवाबाहेरचा. तो मी वापरला नाही. मृत किंवा जिवंत व्यक्तीच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करून तिच्या तोंडी न गायलेले शब्द घालणे तर सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध अंतरिम मनाई दिली. आपल्या घरची आत्या प्रसिद्ध नसली तरी तिच्या आवाजाला तेवढाच मान आहे.

तीन मिनिटांची जुळणी

माझ्या रचनेत फक्त चार थर आहेत: आत्याचा धवला, बायकांची साथ, फितीवरचा भोंगा आणि मी स्थानकाबाहेरच्या सॅटिस पुलावरून पहाटे मुद्रित केलेले गाड्यांचे आवाज. मुद्रण पहाटे केले कारण रिक्षांचा गोंगाट तेव्हा कमी असतो. स्थानकाच्या आवारात व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते, म्हणून मी रस्त्याच्या बाजूने उभे राहणे पसंत केले.

पहिली अडचण लयीची आली. धवला ठोक्यावर गायला जात नाही. ओळ जितकी लांब तितका श्वास, आणि श्वासाप्रमाणे लय. बहुतेक प्रणाली तुकडा टाकला की तो ठरावीक ठोक्यांवर ताणून बसवायला पाहतात. ते वैशिष्ट्य आधी बंद करावे. गाणे ठोक्यावर ओढण्याऐवजी मी गाड्यांचे आवाज गाण्याकडे वळवले. डब्याची चाके रुळाच्या सांध्यांवरून जाताना जो ठेका येतो त्याचा आठ मात्रांचा तुकडा कापला. त्याची लांबी काढणे सोपे असते: मिनिटाला 100 ठोके असतील तर एक मात्रा 0.6 सेकंदाची आणि आठ मात्रा 4.8 सेकंदांच्या. हा तुकडा पुन:पुन्हा जोडून मी तो आत्याच्या ओळींच्या मधल्या जागेत ठेवला आणि तिची ओळ सुरू होताना हळूहळू मंद केला. तिच्या आवाजाचा वेग कुठेही बदलला नाही.

कापताना ध्वनिलहरी मधल्या रेषेला जिथे छेदते तिथेच कापावे, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. सांध्यावर दहा ते वीस मिलिसेकंदांचा मिलाफ द्यावा, म्हणजे एक तुकडा मंद होत असतानाच दुसरा वर येतो. ओळीआधीचा श्वास कधीही कापू नये. नवशिके तो गोंगाट समजून काढतात, मग गाणारी व्यक्ती कागदातून कापून चिकटवल्यासारखी वाटते. फितीची सरसर कमी करण्यासाठी प्रणालीला दोन सेकंदांची नुसती सरसर ऐकवून तिचा नमुना द्यावा लागतो, पण कपात सहा डेसिबलच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झाक येते. थोडी सरसर राहू द्यावी.

भोंगा मूळ फितीवर एकदाच आहे, सतराव्या मिनिटाच्या सुमारास, आणि तो आला तेव्हा आत्या क्षणभर थांबते, मग आधीपेक्षा वरच्या पट्टीत पुढची ओळ घेते. ही जागा मी जशीच्या तशी ठेवली, रचनेच्या अडीच मिनिटांवर. त्याआधी माझ्या गाड्या हळूहळू वाढत येतात आणि भोंग्याच्या बरोबर आधी पूर्ण बंद होतात, म्हणजे 1987 चा भोंगा एकटा ऐकू येतो. भोंग्यानंतर मी काहीही घातलेले नाही.

तयार रचना हेडफोनवर ऐकल्यानंतर फोनच्या बारीक ध्वनिक्षेपकावरही ऐकावी, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार असतात. फोनवर खालचे, जाड आवाज जवळजवळ नाहीसे होतात. माझा रुळांचा ठेका पहिल्या मसुद्यात फोनवर ऐकूच येत नव्हता. त्याचा थोडा वरचा भाग उचलल्यावर तो सापडला. सर्वांत उंच टोक शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवून थांबावे. सोबत चित्र हवेच असेल तर एखादे स्थिर छायाचित्र पुरे, आणि त्यातल्या माणसांनाही विचारावे.

प्रसिद्ध करताना

वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘मूळ’ हा शब्द लिहून पुढे गायिका, साथ, मुद्रण करणारी व्यक्ती, वर्ष आणि गाव द्यावे. घरच्यांची नावे देण्यास संमती नसेल तर नाते लिहावे. दुसऱ्या ओळीत आपण काय कापले आणि काय नवे घातले ते सांगावे. इतरांनी आपल्या रचनेतून पुढे काही करावे अशी इच्छा असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडावा. 2002 च्या डिसेंबरपासून हे परवाने उपलब्ध आहेत आणि त्यांतले ‘श्रेय द्यावे, आणि पुढची रचनाही याच अटींवर मोकळी ठेवावी’ हे रूप मला आपल्या परंपरेच्या सर्वांत जवळचे वाटते. मात्र जे आपले नाही त्याच्यावर असा परवाना देता येत नाही. म्हणून मी तो फक्त माझ्या गाड्यांच्या आवाजांना दिला. आत्याच्या आवाजासाठी ‘घरच्यांना विचारल्याशिवाय वापरू नये’ असे स्वतंत्र वाक्य लिहिले.

मूळ धारिका, कापलेले तुकडे, जुळणीची धारिका, संमतीपत्रांची छायाचित्रे आणि नोंदवहीची प्रत, हे सर्व एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत असाव्यात. आमची दुसरी प्रत ऐरोलीला मोठ्या बहिणीकडे आहे. कॅसेट टाकून देऊ नये; ती पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत, उभी ठेवावी, आणि दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी ती पुडी बदलून गुंडाळीच्या कडा पुन्हा उजेडात तपासाव्यात.